विश्लेषण : बागांचा खर्च दुकानांच्या भाड्यातून? मिल्टन कीन्सचा ९९९ वर्षांचा करार काय आहे?

पालिकेच्या तिजोरीत खडखडाट झाला की पहिली कात्री बहुधा उद्यानांच्या देखभालीला लागते. लंडनच्या वायव्येला सुमारे ८० किलोमीटरवर असलेल्या मिल्टन कीन्स या शहराने यावर वेगळाच तोडगा काढला. तेथील बहुतांश मोठी उद्याने पालिका नव्हे, तर ‘पार्क्स ट्रस्ट’ ही धर्मादाय संस्था सांभाळते.

ट्रस्टची गरज का भासली?

लंडनवरील लोकसंख्येचा भार हलका करण्यासाठी १९६७ मध्ये मिल्टन कीन्स हे नवे शहर वसवण्याचा निर्णय झाला. विकास महामंडळाने नदी, ओढे आणि कालव्यालगत सलग हिरवे पट्टे राखले. मात्र १९९२ मध्ये हे महामंडळच गुंडाळले गेले. मग झाडे कोण जगवणार? पालिकेकडे सोपवली असती तर शाळा, रस्ते आणि ज्येष्ठांच्या सेवांशी उद्यानांना दरवर्षी निधीसाठी झगडावे लागले असते. म्हणून स्वतंत्र ट्रस्ट स्थापन झाला.

पैसा येतो कुठून?

खरी मेख इथेच आहे. ट्रस्टला उद्यानांची जमीन ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळाली आणि सोबत सुमारे दोन कोटी पौंडांचे भांडवलही. त्यात मुख्यतः व्यापारी मालमत्ता होती. म्हणजे दुकाने-कार्यालयांचे भाडे येते आणि त्यातून गवत कापले जाते, पायवाटा दुरुस्त होतात. आपल्याकडे उद्यान विभागाची नजर अंदाजपत्रकाकडे लागलेली असते. इथे ती भाडेकरूंकडे असते, इतकाच काय तो फरक!

शहर वाढले की काय होते?

नव्या वसाहतींमधील उद्याने ट्रस्टकडे येतात तेव्हा नुसती जमीन येत नाही, तर तिच्या कायमच्या देखभालीसाठी रक्कमही घेतली जाते. त्यामुळे शहर फुगले तरी जुन्या भांडवलावर ताण येत नाही. आज ट्रस्टकडे ६,००० एकरांहून अधिक जागा आहे.

हे फक्त फिरायचे बगीचे आहेत का?

नाही. विलेन, कॅल्डेकॉट आणि फर्झटन हे तलाव मुसळधार पावसाचे पाणी साठवून हळूहळू नदीत सोडण्यासाठीच खोदले गेले. तिथे आज लोक नौकाविहार करतात, पण तलाव नसते तर हेच पाणी घरांत शिरण्याचा धोका होता. शहराच्या मधोमध असलेल्या कॅम्पबेल पार्कमध्ये मेंढ्या चरतात. गवत आटोक्यात ठेवण्याची ही जुनीच युक्ती.

जोखीम कोणती?

भाडे हाच आधार असल्याने कार्यालये ओस पडली तर झळ थेट झाडांना बसते. शिवाय विश्वस्तांना नागरिक मतदानातून निवडत नाहीत, त्यामुळे नाराज रहिवासी त्यांना नगरसेवकाप्रमाणे घरी बसवू शकत नाहीत. २०२१ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या सुमारे २ लाख ८७ हजार होती. ती २०५० पर्यंत ४ लाख १० हजारांवर नेण्याचे पालिकेचे नियोजन आहे.

इतर शहरांना हे जमेल?

जुन्या शहरांना अवघडच. मिल्टन कीन्समध्ये जमीन आणि दुकाने दोन्ही एकाच महामंडळाच्या हाती होती. त्यामुळे बागेच्या नावे गाळे करून देणे एका निर्णयात शक्य झाले. गाळे आधीच विकून टाकलेल्या शहराकडे बागेला द्यायला तेवढे भांडवलच उरत नाही. नव्याने वसणाऱ्या वसाहतींना मात्र पहिला भूखंड विकण्याआधी ही संधी असते.