जाहिरातीत गाडी दिसू दे, नंबर नको

जानेवारी २०२५ मध्ये कुलाब्यात ताजमहाल हॉटेलबाहेर एकाच नंबरच्या दोन अर्टिगा गाड्या सापडल्या. खऱ्या मालकाला त्याआधीपासून, आपण न मोडलेल्या नियमांची चलानं येत होती. दुसऱ्या गाडीच्या चालकानं कर्जाची वसुली चुकवण्यासाठी स्वतःच्या नंबरातला एक आकडा बदलला होता, असं पोलिसांच्या चौकशीत पुढे आलं. हा नंबर काही कुठल्या जाहिरातीतून उचललेला नव्हता. पण जुनी गाडी विकायला काढणाऱ्यानं या घटनेतली एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दोन्ही गाड्यांचं मॉडेल एकच होतं, म्हणून खोटा नंबर इतके दिवस खपून गेला.

ऑनलाइन विक्रीसाठी फोटो टाकताना नंबरप्लेट झाका असं म्हटलं की हमखास उत्तर येतं, "रस्त्यावर रोज हजार माणसं तो नंबर बघतात, मग लपवायचं काय?" प्रश्न रास्त आहे. पण रस्त्यावर दिसलेला नंबर पुढच्या सिग्नलला विसरला जातो. जाहिरातीत त्याच नंबराशेजारी मॉडेल, रंग, वर्ष, इंधन, गाव आणि मालकाचा फोन असतो, आणि गाडी चारही बाजूंनी दाखवलेली असते. चोरीच्या किंवा हप्ते थकलेल्या गाडीवर लावायला ज्याला नंबर हवा आहे, त्याला नेमकी त्याच्याकडे आहे तशीच, त्याच रंगाची गाडी हवी असते. ती शोधत त्याला पार्किंगमध्ये हिंडावं लागत नाही. जाहिराती चाळल्या की झालं. मग कॅमेऱ्यानं टिपलेलं चलान नंबरावरून थेट आपल्या मोबाइलवर येतं. त्याविरुद्ध तक्रार करता येते, पण ती गाडी आपली नव्हतीच हे पटवून देण्याची धावपळ आपल्याच गळ्यात पडते.

उच्च सुरक्षेची प्लेट, म्हणजे एचएसआरपी, यावरचाच उपाय आहे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ती सक्तीची झाली. तिच्यावर अशोकचक्राचा होलोग्राम असतो, लेसरनं कोरलेला क्रमांक असतो, आणि एकदा बसवलेलं तिचं लॉक काढलं की पुन्हा वापरता येत नाही. जवळून पाहिलं तर नक्कल ओळखू येते. पण पुलावरचा कॅमेरा होलोग्राम पाहत बसत नाही, तो अक्षरं आणि आकडे वाचतो.

झाकायचं तर नीट झाका. सर्वांत सोपं म्हणजे फोटो काढतानाच दोन्ही प्लेटांवर कोरा कागद चिकटवणं. मोबाइलवर बोटानं ओढलेल्या पुसट रेघेखालून आकडे कित्येकदा वाचता येतात. पुढच्या काचेवरचं स्टिकर बहुतेक जण विसरतात. त्यावरही नंबर असतो. सोसायटीच्या पार्किंग स्टिकरवर तर फ्लॅटचा क्रमांकही असतो, आणि पाठीमागे इमारतीची पाटी. आरसीचा फोटो जाहिरातीत अजिबात टाकू नये. ही गोष्ट मला प्लेटपेक्षाही महत्त्वाची वाटते, कारण चलान पाहायला किंवा परिवहन विभागाच्या ऑनलाइन कामांना गाडीच्या नंबराबरोबर चासी नंबराचे शेवटचे आकडे विचारले जातात. ते दोन्ही आरसीवर छापलेलेच असतात.

आता घेणाऱ्याची बाजू. त्याला नंबर लागतोच, आणि तो मागण्याचा त्याला हक्क आहे. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की गाडीची नोंदणी कधीची, कुठल्या आरटीओची, विमा आणि फिटनेस कधीपर्यंत हे समजतं. मालकाच्या नावातली काही अक्षरं झाकलेली असतात. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, चलानं थकली आहेत का, हे न पाहता पैसे देणारा फसू शकतो. तरी फोटोत नंबर झाकलेला दिसला म्हणून विकणाऱ्यावर संशय घेऊ नये. फोनवर बोलणं झाल्यावर, गाडी बघायला येतो म्हटल्यावरही जो नंबर देत नाही, त्याच्यापासून मात्र चार हात लांब राहावं.

आणि प्लेट झाकून, गाडी विकून विषय संपत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे, गाडी राज्यातच विकली असेल तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. त्यासाठी फॉर्म २९ आहे. घेणाऱ्याला ३० दिवसांची मुदत मिळते. "करतो की नावावर" या शब्दावर विसंबून राहिलेल्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा निकाल आहे: नोंदणी ज्याच्या नावावर, तोच मालक, आणि अपघाताची भरपाई देण्याची जबाबदारीही त्याचीच. गाडी हातोहात पुढे विकली गेली होती, तरी आधीचा नोंदणीकृत मालक सुटला नाही.

म्हणून किल्ली देताना डिलिव्हरी नोट लिहून घ्या, दोघांच्या सह्यांनिशी. तारखेसोबत वेळही लिहा, अगदी मिनिटासकट. चलानावर वेळ मिनिटासकटच छापलेली असते.