डासाचा पाण्यातला आठवडा

रात्री कानाशी गुणगुणणारा डास तुम्ही टाळी वाजवून अनेकदा मारला असेल. पण तो आला कोठून? "गटारातून," असे तुम्ही म्हणाल. हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. कदाचित तो तुमच्याच न्हाणीघरातल्या पिंपात जन्मला असेल!

डासाच्या आयुष्यात चार अवस्था असतात : अंडे, अळी, कोष आणि पंख असलेला डास. यांपैकी अळी आणि कोष या अवस्था पाण्यातच पार पडतात. उष्ण हवेत अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. नर डास फुलांतील रस व झाडांचे रस पिऊन जगतो. मादीला मात्र अंडी पोसण्यासाठी प्रथिने हवी असतात, म्हणून ती रक्त पिते.

आता रोग कसा पसरतो ते पाहू. डॉ. रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबाद येथे हिवतापाच्या रोग्याचे रक्त प्यालेले डास कापून सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. २० ऑगस्ट १८९७ रोजी एका डासाच्या जठराच्या भिंतीत त्यांना हिवतापाचे परजीवी सापडले. पुढच्या वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांच्या हिवतापावर प्रयोग करून, हे परजीवी डासाच्या लाळग्रंथींत पोचतात व चावताना दुसऱ्याच्या अंगात शिरतात, हे त्यांनी दाखवून दिले. १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या प्रवासाला साधारण दहा दिवस किंवा जास्तही लागतात. म्हणजे डास ही नुसती टोचायची सुई नव्हे. रोगजंतू त्याच्या शरीरात वाढतात.

सगळे डास मात्र सारखे नसतात. हिवताप पसरवणारा ॲनॉफिलिस तुलनेने स्वच्छ पाण्यात वाढतो. हत्तीरोग पसरवणाऱ्या क्युलेक्सला गटारे व डबकी आवडतात. पायांवर पांढरे पट्टे असलेला एडिस डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका हे रोग पसरवतो. तो प्रामुख्याने दिवसा चावतो आणि घरातल्या साठवलेल्या पाण्यात वाढतो. शिवाय जन्मस्थानापासून तो फार दूर जात नाही. सहसा काहीशे मीटरच्या आतच राहतो. म्हणून डेंग्यूचा डास बहुधा आपल्याच घरचा किंवा शेजारचा असतो, बरे का!

मुंबईची गोष्ट ऐका. १९११ साली डॉ. चार्ल्स बेंटले यांनी तेथील हिवतापाच्या कारणांविषयी अहवाल लिहिला. दोष दलदलीचा नसून शहरातल्या विहिरींचा आहे, हे त्यात दिसून आले. त्या विहिरींत ॲनॉफिलिस स्टिफेन्सी जातीचे डास वाढत होते. पुढे अनेक विहिरी बुजवल्या किंवा झाकल्या गेल्या. आता याच जातीला गच्चीवरच्या उघड्या टाक्या चालतात.

औषध फवारले की काम झाले, असेही नाही. भारतात १९५३ पासून घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारण्याची मोठी मोहीम सुरू झाली. १९६५ च्या सुमारास हिवतापाचे रुग्ण वर्षाला एक लाखाच्या आसपास उरले. पण कामात ढिलाई आली, डासही डीडीटीला दाद देईनासे झाले आणि १९७६ साली रुग्णसंख्या ६४ लाखांवर गेली.

मग उपाय कोणता? डासाचा पाण्यातला आठवडा पुरा होऊ द्यायचा नाही! आठवड्यातून एक दिवस ठरवा. त्या दिवशी पिंपे, रांजण, कुलर, फुलदाण्या, कुंड्यांखालच्या बशा आणि फ्रीजमागचे भांडे रिकामे करून कोरडे करा. नुसते पाणी ओतून भागत नाही. एडिसची मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या कडेला अंडी चिकटवते. ही अंडी कोरड्यातही कित्येक महिने टिकतात आणि पाणी येताच फुटतात. म्हणून भांडे आतून घासलेच पाहिजे. जुने टायर आणि करवंट्या पावसात उघड्यावर ठेवू नका. टाकीचे झाकण घट्ट बसवा. रिकाम्या न होणाऱ्या हौदात गप्पी मासे सोडा. ते अळ्या खातात. झोपताना मच्छरदाणी वापरा.

करून पाहा : वडील माणसांच्या मदतीने अळ्या असलेले थोडे पाणी काचेच्या बरणीत घ्या. तोंडाला बारीक कापड घट्ट बांधा. अळ्या पृष्ठभागाला समांतर पडून राहत असतील तर त्या ॲनॉफिलिसच्या. डोके खाली करून तिरप्या लटकत असतील तर क्युलेक्सच्या किंवा एडिसच्या. स्वल्पविरामाच्या आकाराचे कोष दिसू लागताच बरणी कोरड्या, तापलेल्या मातीवर ओता.

आणि ताप आलाच, तर अंगावर काढू नका. डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासून घ्या. मनानेच ॲस्पिरिन घेऊ नका. डेंग्यूत त्यामुळे रक्तस्राव वाढण्याचा धोका असतो. तापकऱ्यालाही मच्छरदाणीत झोपवा. त्याला चावलेला डासच पुढे दुसऱ्याकडे रोग नेतो.

तर मित्रांनो, तुमच्या घरात आणि शाळेत पाणी कोठेकोठे साठते, याची यादी आजच करा. कोरडा दिवस कोणता, तेही ठरवून टाका.