लेस्लीला का मारले?

दहा-अकरा वर्षांचे मूल दुपारी एक पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसते. सुरुवातीला मधूनमधून खुदकन हसल्याचा आवाज येतो. मग बराच वेळ शांतता. संध्याकाळी आई बघते तर पोर उशीत तोंड खुपसून रडते आहे आणि पुस्तक पार भिंतीपाशी जाऊन पडले आहे. आई घाबरते. पडलास का? कोणी मारले का? हुंदके देत देत मूल एवढेच सांगते की, लेस्ली मेली.

अमेरिकेतील कित्येक घरांनी हा प्रसंग अनुभवला आहे. लेस्ली कोण, हे तिथल्या शाळेत जाणाऱ्या मुलांना सांगावे लागत नाही. कॅथरिन पॅटरसन यांच्या 'ब्रिज टू टेराबिथिया' या कादंबरीची ती नायिका. पुस्तक १९७७ साली निघाले आणि १९७८ चे न्यूबेरी पदक त्याला मिळाले. अमेरिकन ग्रंथालय संघटनेतर्फे १९२२ पासून दरवर्षी दिले जाणारे हे पदक म्हणजे तिथल्या बालसाहित्यातला सर्वांत मोठा मान. पदक मिळाले की पुस्तक ग्रंथालयात जाते, शाळेत जाते, वाढदिवसाच्या भेटीत जाते. त्यामुळे 'टेराबिथिया' लाखो मुलांच्या हाती पडले आणि त्याबरोबर सुरू झालेला वाद आजही मिटलेला नाही. एकाच पुस्तकाला काही वाचक आयुष्यभराचा सोबती म्हणतात, तर काही जण ते मुलांच्या हाती देऊच नये, असे बजावतात.

दोघांचे राज्य

कथा तशी साधी आहे. व्हर्जिनिया राज्यातले लार्क क्रीक नावाचे खेडे. जेस आरन्स हा दहा वर्षांचा मुलगा चार बहिणींत एकटा. घरची परिस्थिती बेताची. वडील कामासाठी रोज वॉशिंग्टनला जातात, आईचा जीव घरकामाने मेटाकुटीला आलेला. गाईची धार काढायची ती जेसने. त्याला चित्रे काढायला आवडतात, पण घरात त्याचे कौतुक नाही. पाचवीच्या वर्गात सर्वांत वेगाने पळणारा मुलगा व्हायचे, एवढेच त्याचे स्वप्न. त्यासाठी तो सुटीभर पहाटे उठून पळण्याचा सराव करतो. आणि शाळेच्या पहिल्याच शर्यतीत नवी आलेली एक मुलगी सगळ्या मुलांना मागे टाकते. तीच लेस्ली बर्क.

लेस्लीचे आईवडील लेखक. शहर सोडून मुद्दाम खेड्यात राहायला आलेले. घरात पुस्तकांचे ढीग, पण टीव्ही नाही. हार झालेला मुलगा आणि हरवणारी मुलगी यांची गट्टी जमते. ओढ्यापलीकडच्या रानात ते दोघे आपले गुप्त राज्य वसवतात. तिथे जायचे ते झाडाला टांगलेल्या जुन्या दोराला लोंबकळून, झोका घेत. जेस राजा, लेस्ली राणी आणि कुत्र्याचे पिल्लू युवराज.

मग पावसाळी दिवस येतात. ओढा फुगतो. जेसला झोका घ्यायची भीती वाटू लागते, पण लेस्लीला ते सांगायची लाज वाटते. अशातच एका सकाळी संगीताच्या बाई त्याला वॉशिंग्टनचे कलादालन दाखवायला घेऊन जातात. लेस्लीलाही बोलवू या का, असा विचार त्याच्या मनात उशिरा येतो आणि मनातल्या मनात त्याला बरेच वाटते की आपण विचारले नाही. तो दिवस त्याच्या आयुष्यातला सर्वांत सुंदर दिवस ठरतो. संध्याकाळी घरी परततो तेव्हा कळते की, दोर तुटला आणि लेस्ली ओढ्यात बुडून गेली.

वाचकाला याची कसलीही पूर्वसूचना मिळत नाही. आजारपण नाही, रुग्णालय नाही, निरोपाचे शब्द नाहीत. वाद सुरू होतो तो इथूनच.

मुलांचा एकच प्रश्न

पुस्तक नापसंत असलेल्या वाचकांचे म्हणणे सोपे आहे. मुलाला आधी लेस्लीचा लळा लावायचा आणि मग तिला हिरावून घ्यायचे, ही लेखिकेने केलेली फसवणूक आहे. मूल हसतखेळत वाचत असते आणि पायाखालची जमीन सरकते. वर्गात सर्वांसमोर हे प्रकरण वाचताना रडू आवरले नाही म्हणून पुस्तकाचा राग धरणारे वाचक मोठेपणीही भेटतात. त्यांची ही तक्रार खोटी म्हणता येणार नाही. ज्या पुस्तकाने मूल कोसळते, ते घंटा होईपर्यंत वाचायचे आणि लगेच खालील प्रश्नांची उत्तरे लिहायची, हा प्रकार क्रूरच आहे. फक्त तो दोष पुस्तकाचा नाही.

याउलट ज्यांना हे पुस्तक प्रिय आहे, ते नेमके याच आकस्मिकपणाबद्दल त्याचे आभार मानतात. मृत्यू असाच येतो. घरातल्या मोठ्यांनी जे कधी सांगितले नाही, ते या पुस्तकाने सांगितले, असे त्यांना वाटते.

पण बारकाईने वाचणाऱ्यांना सगळ्यात जास्त हलवते ते लेस्लीचे जाणे नव्हे, त्यानंतरची जेसची वागणूक. आधी तो विश्वासच ठेवत नाही. धाकटी बहीण काही विचारते तर तिच्या तोंडावर फटका मारतो. लेस्लीने नाताळात दिलेले रंग ओढ्यात फेकून देतो. लेस्लीचे वडील रडतात याचाही त्याला राग येतो. मध्येच त्याच्या मनात येऊन जाते की, आता पाचवीत सर्वांत वेगवान आपणच. जिवलग मैत्रीण गेल्यामुळे शाळेत आपल्याला महत्त्व येईल, असेही वाटून जाते. मोठ्या माणसाला हे वाचून धक्का बसतो. दुःखात असले विचार? पण ज्याच्या घरात मृत्यू झाला आहे, अशा मुलाला विचारून पाहावे. असे काहीतरी त्याच्याही मनात आलेले असते आणि त्यामुळे आपण दुष्ट आहोत, असे ते गुपचूप समजत असते. जेसच्या रूपाने त्याला प्रथमच कळते की, असे वाटणारे आपण एकटे नाही.

मुलांनी पॅटरसनबाईंना पत्रे लिहिली. त्यांत पुन्हा पुन्हा विचारलेला प्रश्न एकच : लेस्लीला का मारले?

खरी लिसा

उत्तर बाईंच्या घरातच होते. १९७४ साली त्या मेरिलँड राज्यात टाकोमा पार्क येथे राहत होत्या. त्या वर्षी त्यांच्यावर कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. त्यातून घर सावरते न सावरते तोच ऑगस्ट महिन्यात त्यांचा धाकटा मुलगा डेव्हिड याची जिवलग मैत्रीण लिसा समुद्रकिनारी वीज पडून गेली. वय आठ वर्षे.

डेव्हिडला काही केल्या समजेना. लिसा तर चांगली मुलगी होती, म्हणजे देवाने शिक्षा दिली ती मलाच, असा निष्कर्ष त्याने काढला. आता देव माझी एकेक आवडती माणसे नेणार आणि पहिली पाळी बहिणीची, ही भीती त्याच्या मनात बसली. पॅटरसनबाईंचे आईवडील चीनमध्ये मिशनरी होते, त्या स्वतः जपानमध्ये मिशनरी म्हणून राहिलेल्या आणि त्यांचे पती पाद्री. अशा घरातल्या मुलाच्या मनात देवाविषयी हा विचार यावा! कादंबरीतही हा प्रश्न येतो. लेस्ली नरकात जाईल का, असे जेस वडिलांना विचारतो. मुलाशी कधी धड न बोलणारा तो कष्टकरी बाप त्याला सांगतो की, देव लहान मुलींना नरकात पाठवत नाही. संपूर्ण पुस्तकात बापलेकांचे याहून जवळचे बोलणे नाही.

लिहिणे सोपे गेले नाही. मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणापाशी बाईंची लेखणी अडली. त्या घरातली कामे उकरून काढू लागल्या. एका मैत्रिणीने विचारले तेव्हा त्यांनी आपली अडचण सांगितली. त्यावर मैत्रीण म्हणाली की, तुला त्या मुलीचे मरण नव्हे, तुझे स्वतःचेच मरण समोर आणवत नाही. बाई घरी आल्या आणि ते प्रकरण लिहून काढले. पुढे संपादिका व्हर्जिनिया बकली यांनी हस्तलिखित वाचून विचारले की, ही गोष्ट मृत्यूची की मैत्रीची? त्या एका प्रश्नाने बाईंना आपली कथा उमगली आणि त्यांनी ती मैत्रीची कथा म्हणून पुन्हा लिहिली.

आक्षेपांची यादी

पदक मिळाले तरी पालकांचा रोष चुकला नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेतील शाळा-ग्रंथालयांतून काढून टाकण्याची मागणी वारंवार झालेल्या पुस्तकांत हे पुस्तक पहिल्या दहांत होते. पात्रे देवाचे नाव उद्गारासारखे घेतात, शिवीवजा शब्द वापरतात, मुले कल्पनेच्या राज्यात रमून धर्मापासून दूर जातील, असे निरनिराळे आक्षेप. खेड्यातला बाप जसा बोलतो तसाच तो पुस्तकात बोलणार, यात वावगे ते काय? संगीताच्या बाई एका विद्यार्थ्याला एकट्याला गाडीतून शहरात नेतात, हे मात्र आजच्या पालकांना खटकते आणि ते खटकणे समजण्यासारखे आहे. १९७७ साली तिकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नव्हते.

अमेरिकन मुलांत एक विनोद चालतो. मुखपृष्ठावर कुत्रा आणि पदक दोन्ही असले की शेवटी कुत्रा मरणार, हे ओळखावे. यावर गॉर्डन कॉरमन यांनी २००० साली 'नो मोअर डेड डॉग्ज' नावाची अख्खी विनोदी कादंबरीच लिहिली. पदक देणारे मोठे, रडणारी मुले, हा त्यातला टोमणा अगदीच बिनबुडाचा नाही. न्यूबेरीच्या निवड समितीत मुलांना मत नसते. तरीही 'टेराबिथिया' केवळ पदकावर टिकले असे म्हणता येत नाही. पदक मिळवून कपाटात धूळ खात पडलेली पुस्तके काही थोडी नाहीत.

आधी सांगावे की नाही?

२००७ साली यावर चित्रपट आला. जाहिरातीत अजस्र प्राणी आणि जादूचे राज्य पाहून अनेक पालक मुलांना धमाल दाखवायला घेऊन गेले आणि डोळे पुसत बाहेर पडले. आम्हाला आधी का सांगितले नाही, ही त्यांची तक्रार होती.

मराठी घरांना हा प्रश्न नवा वाटू नये. 'श्यामची आई' कित्येकांनी नऊ-दहाव्या वर्षी वाचली आहे आणि आई जाणार हे माहीत असूनही शेवटची पाने ओलसर केली आहेत. फरक असा की, तिथे साने गुरुजी पहिल्यापासून आठवणी सांगत असतात. आई आता नाही, हे वाचकाला ठाऊक असते. शिवाय ते पुस्तक बहुधा आईच हातात देते किंवा मोठ्याने वाचून दाखवते. जेसच्या वाट्याला ते आधीचे ठाऊक असणे येत नाही आणि त्याच्या वाचकाच्याही नाही.

मग मुलाला आधीच सांगून टाकावे का? सांगितले तर पुस्तकातला घाव बोथट होतो. न सांगता हाती देऊन आपण स्वयंपाकघरात निघून जाणे हेही बरे नाही. आपण आधी वाचावे, मग मुलाला द्यावे आणि ते त्या प्रकरणापाशी येईल त्या दिवशी घरात असावे. एवढे केले तरी पुष्कळ. आणि घरात नुकताच कोणाचा मृत्यू झाला असेल तर घाई करू नये. जवळचे माणूस गेल्यावर हे पुस्तक मुलाच्या हाती ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. पॅटरसनबाईंना ते आवडत नाही. त्यांच्या मते ही दुःखाची तालीम आहे. ती आधी व्हायला हवी.

कादंबरीच्या शेवटी जेस ओढ्यावर फळ्या टाकून पूल बांधतो आणि जिला फटका मारला होता त्याच धाकट्या बहिणीला, मे बेलला, राणी करून पलीकडे नेतो. काही वाचकांना हे घाईने आणलेले समाधान वाटते. लेस्लीची जागा इतक्या लवकर दुसरीला? काहींना मात्र नावातला 'ब्रिज' तिथेच सापडतो.

हस्तलिखित पूर्ण झाल्यावर बाईंनी ते डेव्हिडला वाचायला दिले. पुस्तक त्याच्यासाठीच लिहिलेले होते आणि अर्पणपत्रिकेत त्याचेच नाव जाणार होते. वाचून झाल्यावर त्याने आईला सांगितले की, त्या पानावर लिसाचेही नाव घाल. ते आजही तिथे आहे. पुढे तो मोठा होऊन नाटककार झाला. २००७ च्या चित्रपटाची पटकथा लिहिणाऱ्या दोघांपैकी एक तोच, डेव्हिड पॅटरसन.