विश्लेषण : जर्मनीत प्रवेश मिळाला, पण राहायचे कुठे? खोली, अनामत आणि पत्त्याच्या नोंदणीचे गणित काय?

आषाढीला येणाऱ्या दिंडीचा पंढरपुरातला मुक्काम कोणत्या मठात, हे दिंडी निघण्याआधीच ठरलेले असते. परदेशी शिकायला निघालेल्या मुलांच्या बाबतीत मात्र अनेकदा उलटे घडते. विद्यापीठ, व्हिसा, तिकीट सगळे पक्के होते आणि खोलीचा विचार शेवटी होतो. बऱ्याच सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसल्याने इंजिनिअरिंगच्या पदवीधरांचा जर्मनीकडे ओढा आहे. पण तिथे खोली हा केवळ राहण्याचा प्रश्न नाही. पुढची जवळपास सगळी सरकारी कामे तिच्यावर अवलंबून असतात.

प्रवेशासोबत होस्टेल मिळत नाही का?

गोपाळपूर किंवा कोर्टीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश घेताना होस्टेलची चौकशी त्याच आवारात होते. जर्मनीत विद्यार्थी वसतिगृहे बहुतांशी ‘स्टुडिरेंडेनवेर्क’ ही वेगळी संस्था चालवते. प्रवेशपत्र मिळाले म्हणजे खोली मिळाली असे होत नाही, तिच्यासाठी स्वतंत्र ऑनलाइन अर्ज करावा लागतो. म्युनिकसारख्या शहरात प्रतीक्षा यादी काही सेमिस्टरपर्यंत लांबते. हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होते, म्हणजे नेमक्या त्याच महिन्यात हजारो विद्यार्थी एकदम खोल्या शोधत असतात. त्यामुळे नियम परवानगी देत असतील तिथे प्रवेशपत्राची वाट न पाहता अर्ज करून ठेवावा. दुसरा पर्याय ‘वेगे’चा, म्हणजे तीन-चार जणांनी मिळून घेतलेल्या फ्लॅटमधल्या एका खोलीचा.

ब्लॉक्ड अकाउंटमध्ये पैसे आहेत, मग अडचण काय?

सप्टेंबर २०२४ पासून विद्यार्थी व्हिसासाठी वर्षाला ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावे लागतात. एक युरो १०० रुपये धरला, तरी ही रक्कम ११ लाख ९० हजारांच्या घरात जाते. अनेक घरांत त्यासाठी कर्ज काढले जाते किंवा जमीन तारण पडते. पण या खात्यातून महिन्याला फक्त ९९२ युरो हाती येतात, तेही तिथे पोहोचून खाते सुरू झाल्यावर. अनामत, पहिले भाडे, गादी-भांडी हा सगळा खर्च त्याआधीच येतो. त्यामुळे पहिल्या महिन्याचे पैसे फॉरेक्स कार्डवर वेगळे ठेवावे लागतात. कर्जाची रक्कम ठरवतानाच हा आकडा धरला नाही, तर ऐनवेळी धावपळ होते.

भाडे किती, हे कसे ओळखायचे?

जाहिरातीत ‘काल्ट’ म्हणजे नुसते भाडे. ‘वार्म’ म्हणजे हीटिंग, पाणी, साफसफाई असा खर्च धरून होणारे भाडे. तुलना नेहमी ‘वार्म’ आकड्यांचीच करावी. वीज आणि इंटरनेट त्यात आहे का, तेही विचारून घ्यावे. याशिवाय रेडिओ-टीव्हीचे शुल्क दरमहा १८.३६ युरो असते. घरात टीव्ही नसला तरी ते भरावे लागते. मात्र ते घरामागे एकच असते, त्यामुळे एकत्र राहणारे ते वाटून घेऊ शकतात.

अनामत किती आणि कधी द्यायची?

जर्मन कायद्यानुसार घरभाड्याची अनामत तीन महिन्यांच्या ‘काल्ट’ भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. ती तीन मासिक हप्त्यांत भरण्याचा हक्क भाडेकरूला आहे आणि पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना द्यायचा असतो. फसवणुकीचे नेहमीचे गाऱ्हाणे इथेच येते. ‘मी सध्या परदेशात आहे, पूर्ण अनामत पाठवा, चावी कुरिअरने येईल’ असा मेल आला, तर तिथेच थांबावे. व्हिडिओ कॉलवर खोली बघितल्याशिवाय आणि करार हातात आल्याशिवाय पैसे पाठवू नयेत. त्या शहरात आधीच असलेल्या ओळखीच्या मुलाला प्रत्यक्ष पाहून यायला सांगता आले, तर उत्तमच.

पत्त्याची नोंदणी इतकी महत्त्वाची का?

राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत महापालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. याला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. त्यासाठी घरमालकाने सही केलेला, ही व्यक्ती इथे राहायला आली आहे असा दाखला लागतो. या नोंदणीवरच कर क्रमांक पोस्टाने घरी येतो. बँक खाते उघडताना आणि पुढे निवास परवाना काढतानाही तिचा कागद मागितला जातो. सुरुवातीचा व्हिसा मोजक्या महिन्यांचा असतो, म्हणून उशीर महागात पडतो. काही ठिकाणी स्वस्त खोली देताना ‘नोंदणी होणार नाही’ अशी अट घालतात. अशी खोली दीर्घ मुक्कामासाठी घेऊ नये. प्रत्यक्ष न राहता केवळ कागदोपत्री पत्ता देण्या-घेण्यालाही कायद्याने मनाई आहे.

आणखी एक साधी गोष्ट, जी हमखास राहून जाते. तिथे पोस्टमन लेटरबॉक्सवरचे नाव पाहून पत्र टाकतो. त्यामुळे पहिल्याच दिवशी आपले नाव तिथे लावावे. नाव नसेल, तर बँकेचे कार्ड आणि सरकारी पत्र परत जाते.

खोलीत गेल्यावर काय पाळावे?

ताबा घेताना भिंती, खिडक्या, शेगडी यांचे फोटो काढून नोंद करून घ्यावी. खोली सोडताना अनामतीतून होणारी कपात याच नोंदीवर ठरते. थंडीतही रोज काही मिनिटे खिडकी पूर्ण उघडावी. नाहीतर भिंतीला बुरशी धरते आणि तिचा खर्च भाडेकरूकडे मागितला जाऊ शकतो. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळतात. फोडणी घालताना एक्झॉस्ट चालू आणि स्वयंपाकघराचे दार बंद ठेवावे, कारण धुराने अलार्म वाजू शकतो.

निघण्याआधी घरच्यांनी काय विचारावे?

खोलीचा करार कोणाशी झाला आहे, तिथे पत्त्याची नोंदणी होणार का आणि पहिल्या महिन्याचे पैसे कुठे आहेत, हे तीन प्रश्न. खोली अजून मिळाली नसेल, तर निदान पहिल्या काही आठवड्यांचा मुक्काम तरी लेखी ठरलेला असावा. तिकिटाची तारीख त्यानंतर पक्की करावी.