सॅक नेमका कोणाचा? बेंगल्स, जो बरो आणि पाच धिप्पाड माणसांवरचा वाद

(पॉडकास्टची लेखी आवृत्ती. बोलताना आलेले 'म्हणजे', 'अं' बरेचसे काढलेत, काही राहिलेत. लोकलमध्ये नेट गेलं तरी वाचता यावं म्हणून हे पान.)

००:०० सोमवारचा कॉल

आजचा विषय फुटबॉल आहे, पण मेस्सीवाला नाही. अमेरिकन फुटबॉल, एनएफएल. हेल्मेट, खांद्यावर पॅड आणि अंड्यासारखा चेंडू. थांबा, लगेच पुढे ढकलू नका. या खेळातलं मला काहीही कळत नव्हतं तेव्हापासून सांगतो.

बीटेक करून पुण्यात नोकरीला लागलो आणि टीम मिळाली ती अर्धी पुण्यात, अर्धी ओहायोत. आमचे संध्याकाळचे साडेसहा म्हणजे त्यांचे सकाळचे नऊ. सोमवारच्या कॉलची पहिली दहा मिनिटं कामाची नसायचीच. सिनसिनाटी बेंगल्स या त्यांच्या टीमवर भांडण चालायचं. (बेंगल्स म्हणजे आपले बंगालचे वाघ. हेल्मेटवर पट्टेसुद्धा आहेत.) मी कॅमेरा बंद करून चहा प्यायचो आणि ऐकायचो. टीम हरो की जिंको, भांडण फिरून एकाच शब्दावर यायचं: ओ-लाईन. पूर्ण नाव ऑफेन्सिव्ह लाईन.

एक सीनियर म्हणायचा, लाईन भिकार आहे. दुसरा म्हणायचा, लाईनला शिव्या घालणं सोपं आहे, आधी व्हिडिओ बघ. हे वर्षानुवर्षं चाललंय. त्यातून मला जे कळलं ते आज सांगतो.

०२:३० हे पाच जण करतात काय?

मैदानावर प्रत्येक बाजूचे ११ जण असतात. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांचा म्होरक्या क्वार्टरबॅक. चेंडू हातात येतो, तो समोर बघतो आणि कोणाला तरी पास फेकतो. या सगळ्याला साधारण अडीच-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात समोरचे चार-पाच राक्षस त्याला आडवं करायला धावत येतात. पास फेकायच्या आत त्याला पाडलं, की त्याला म्हणतात सॅक.

त्या राक्षसांच्या आणि क्वार्टरबॅकच्या मध्ये पाच जण उभे असतात, तीच ऑफेन्सिव्ह लाईन. मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. बहुतेकांचं वजन १३५ किलोच्या वर. एरवी नियमाने यांना पुढे फेकलेला पास झेलताही येत नाही. काम एकच, वाट अडवायची.

कबड्डी आठवा. साखळी धरून उभे असलेले खेळाडू. चार हात कितीही घट्ट असले तरी रेडर बघतो सैल हाताकडेच. लाईनचं तसंच आहे. पाचातले चार उत्तम आणि एक कच्चा असेल, तर समोरचा कोच आपला सगळ्यात भारी माणूस त्या कच्च्यासमोरच आणून उभा करतो. त्यात समोरचे धावताना मध्येच जागा बदलतात. माझ्यासमोरचा तुझ्याकडे, तुझ्यासमोरचा माझ्याकडे. अशा वेळी 'हा तू घे, तो मी घेतो' हे दोघांना न बोलता कळावं लागतं. परक्या मैदानावर आवाज एवढा असतो की ओरडूनही ऐकू जात नाही. ही समज एकत्र खेळूनच येते, पैसे देऊन एका दिवसात मिळत नाही.

०४:५० चेस की सूल?

आता मुख्य भांडण. २०२० मध्ये बेंगल्सनी जो बरोला पहिल्या नंबरवर घेतलं. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला वॉशिंग्टनविरुद्ध पास फेकताना दोघे त्याच्यावर येऊन आदळले आणि डावा गुडघा गेला. सीझन संपला. शहराचा आवडता पोरगा गाडीवर बसून मैदानाबाहेर गेला.

एनएफएलमध्ये नवे खेळाडू ड्राफ्टमधून निवडतात आणि तळाच्या टीमचा नंबर आधी लागतो. एप्रिल २०२१ मध्ये बेंगल्सचा नंबर पाचवा होता. समोर दोन नावं होती. पनेई सूल हा टॅकल, म्हणजे बरोचं रक्षण करणारा. आणि जमार चेस हा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, कॉलेजात बरोचाच जोडीदार.

आमच्या कॉलवर अक्षरशः दोन पार्ट्या पडल्या. एक पार्टी म्हणे, पोराचा गुडघा फुटलाय, आधी भिंत बांधा. दुसरी म्हणे, चेस घ्या, तो इतक्या लवकर मोकळा होतो की बरोला थांबायची गरजच पडणार नाही. मी मनातल्या मनात सूलच्या पार्टीत. इंजिनियर माणूस, आधी पाया बघणार.

बेंगल्सनी चेसला घेतलं. सूल सातव्या नंबरवर डेट्रॉइट लायन्सकडे गेला.

०६:४० ७० वेळा

पुढे जे झालं त्याने दोन्ही पार्ट्यांची पंचाईत झाली. चेसने पहिल्याच वर्षी १,४५५ यार्ड आणि १३ टचडाउन काढले. म्हणजे चेसवाले बरोबर. त्याच वर्षी बरोला ५१ वेळा सॅक केलं, लीगमध्ये सगळ्यात जास्त. म्हणजे सूलवालेही बरोबर!

प्लेऑफमध्ये टेनेसीत बरोला ९ वेळा पाडलं आणि तरी बेंगल्स १९-१६ ने जिंकले. आमच्या कॉलवर लोक हसत होते, 'लाईन कशाला हवी?' प्लेऑफ धरून त्या सीझनचा एकूण आकडा ७० झाला.

मग १३ फेब्रुवारी २०२२, सुपर बोल, समोर लॉस एंजेलिस रॅम्स. बरो पुन्हा ७ वेळा आडवा. तरीही शेवटच्या मिनिटात बेंगल्स फक्त ३ गुणांनी मागे. शेवटचा प्रयत्न, हवा फक्त १ यार्ड. आपल्याकडे सोमवारची पहाट उजाडून गेलेली आणि मी फोन चार्जरला लावून पलंगाच्या कडेला बसलेलो.

चेंडू बरोच्या हातात आला. रॅम्सचा ॲरन डोनाल्ड गार्डला चुकवून आत घुसला आणि बरोला धरून गरकन फिरवलं. पडता पडता बरोने चेंडू फेकला, तो कोणाच्याच हाती लागला नाही. मॅच गेली, २३-२०.

नंतर रिप्ले बघितला. त्याच क्षणी लांबवर जमार चेस मोकळा धावत होता. त्याला अडवणारा जेलन रॅम्सी घसरून पडला होता. चेसवाले म्हणत होते तसा तो खरंच मोकळा झाला. आणि सूलवाले म्हणत होते तसा बरोला खरंच वेळ मिळाला नाही. एकाच व्हिडिओत दोन्ही.

०८:४५ मग दोष लाईनचाच ना?

इथे गंमत आहे. अधिकृत स्कोअरशीटवर सॅक पाडणाऱ्याच्या नावावर जमा होतो आणि क्वार्टरबॅकच्या नावावर लागतो. कोणत्या लाईनमनची चूक, याचा रकानाच नाही. ते ठरवायला कोणीतरी व्हिडिओ बघून अंदाज बांधतो, की या माणसाचं काम त्याला अडवणं असावं. त्यांची आपसात ठरलेली योजना बाहेरच्याला माहीत नसते. म्हणून दोन चाहते एकच सॅक बघतात आणि दोन वेगळ्या माणसांना शिव्या घालतात.

शिवाय बरो स्वतः थोडा हट्टी. मोठा पास मिळेल या आशेने तो कधी कधी चेंडू जास्त वेळ धरून ठेवतो. तोच हट्ट त्याला मोठा खेळाडू बनवतो आणि तोच त्याला पाडतोही. काही सॅक लाईनचे, काही त्याचे, काही मोकळे न झालेल्या रिसीव्हरचे.

पुढच्या वर्षी बेंगल्सनी पैसे ओतले. अनुभवी सेंटर, गार्ड आणि टॅकल बाहेरून आणले, दुसऱ्या गार्डच्या जागी नवखा पोरगा. पाचातले चार नवे! पहिल्या दोन मॅचमध्ये निकाल काय? १३ सॅक. कॉलवर पुन्हा बोंबाबोंब, पैसे पाण्यात गेले म्हणून. पण उरलेल्या १४ मॅचमध्ये फक्त २८. माणसं तीच होती. एकमेकांची सवय झाली आणि बरोही चेंडू लवकर सोडायला लागला.

मग सीझनच्या शेवटी तिघे जखमी. तीन बदली खेळाडू घेऊन बफेलोच्या बर्फात गेले आणि २७-१० ने जिंकले. बरो फक्त एकदा पडला. आठवड्याने त्याच लाईनसमोर कॅन्सस सिटी आली. तिथे ५ सॅक आणि ३ गुणांनी हार. आता सांगा, ही लाईन चांगली की वाईट?

११:१० माझ्या नावावरचा सॅक

हे सगळं मला एवढं का लागलं, तेही सांगतो. एका रात्री आमचं पेमेंटचं पान बंद पडलं. शेवटचा बदल माझा होता. कॉलवर लॉग उघडायच्या आधीच माझं नाव घेतलं गेलं. माझी चूक होती, नाही म्हणत नाही. पण मी कॅमेरा बंद करून बसलो होतो आणि हात थरथरत होते.

तेव्हा ओहायोतला तोच दुसरा सीनियर म्हणाला, आधी व्हिडिओ बघू. म्हणजे लॉग. दोन तास लागले. चाचणीसाठीचा डेटा जुना निघाला, त्यामुळे माझी चूक तिथे पकडलीच गेली नव्हती. धोक्याचा इशारा ज्या ग्रुपवर जात होता, तो ग्रुप कोणी बघतच नव्हतं. माझा कोड चुकला होताच, पण पाचातले अजून दोघे जागेवर नव्हते.

तेव्हापासून लाईनवर भांडताना मी तीन प्रश्न विचारतो. एक, चेंडू किती वेळ हातात होता? तीन सेकंदांच्या खूप पुढे गेला असेल तर एकट्या लाईनला धरू नका. दोन, हे पाच जण एकत्र किती मॅच खेळलेत? तीन, समोर कोण होतं? ॲरन डोनाल्डसमोर तर भले भले हरले.

आणि चेस की सूल? सूल आज लीगमधल्या सर्वोत्तम टॅकलपैकी एक आहे आणि लायन्सनी २०२४ मध्ये १७ पैकी १५ मॅच जिंकल्या. त्याच वर्षी चेसने झेललेले पास, यार्ड आणि टचडाउन, तिन्हींत लीगमध्ये पहिला नंबर काढला. पण बेंगल्स प्लेऑफलाही पोचले नाहीत. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये बरो पुन्हा एका सॅकमध्ये पायाचा अंगठा दुखावून बाहेर गेला आणि ऑपरेशन करावं लागलं. सोमवारी साडेसहाला मी कॉल लावला, तर पाच मिनिटं कोणीच लाईनवर भांडलं नाही. सगळे एवढंच विचारत होते, 'किती आठवडे?'

मी अजूनही सूलच्या पार्टीत आहे बरं का. तुम्ही असता तर कोणाला घेतलं असतं? कमेंटमध्ये सांगा, पण आधी तो शेवटचा प्रयत्न एकदा बघून या. भेटू पुढच्या भागात!