धूर, अग्नी आणि जुनी फियाट

मागच्या व्याख्यानात आपण अनुमान पाहिलं. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. त्यानंतर काही श्रोत्यांनी विचारलं, की न्यायशास्त्राला पर्वत आणि स्वयंपाकघर सोडून तिसरं उदाहरणच मिळत नाही का? मिळतं की. आपल्या कारंज्यात अजून काही अंगणांत जुन्या गाड्या उभ्या आहेत. वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी, जिला सगळे फियाटच म्हणतात, किंवा 1983 साली आलेल्या मारुती 800 ची एखादी कार्बोरेटरवाली बहीण. या गाड्यांत संगणक नाही, म्हणून बिघाडाचा कोड वाचायची सोयही नाही. जे काही आहे ते लिंगावरून, म्हणजे खुणेवरूनच ओळखावं लागतं. आज आम्ही तेच मांडणार आहोत.

पेट्रोल इंजिनाला गरज कशाची? हवेत योग्य प्रमाणात मिसळलेलं पेट्रोल, ठिणगी, दाब म्हणजे कॉम्प्रेशन, आणि हे सगळं वेळेवर. चारांपैकी एक गेलं की इंजिन रुसतं. सेल्फ मारल्यावर इंजिन फिरतच नसेल, तर हा विषयच वेगळा. बॅटरी उतरली असेल, नाहीतर तिच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर चढला असेल. ते आधी साफ करावं आणि पुढे जावं.

आपले वैद्य दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न असा क्रम सांगतात. गाडीच्या बाबतीत आम्ही प्रश्न आधी घेतो. त्रास थंड असताना होतो की गरम झाल्यावर? नुसती उभी असताना, की चढावर? एकदम बंद पडते, की आचके देत? मालकाला याची उत्तरं माहीत असतात, पण तो ती सांगत नाही. तो सांगतो, "परवा सर्व्हिसिंग केली, तेव्हापासून हे सुरू झालं." नैयायिक इथे कुंभाराच्या गाढवाची आठवण करून देतील. गाढवावरून माती आली हे खरं, घड्याच्या आधी गाढव होतं हेही खरं, पण म्हणून गाढव घड्याचं कारण होत नाही. त्याला अन्यथासिद्ध म्हणतात. सर्व्हिसिंग हे कारणही असेल, गाढवही असेल; आधी घडलं एवढ्यावरून ठरवता येत नाही.

आता दर्शन, म्हणजे धूर. शास्त्रात प्रसिद्ध आहे, की धूर तिथे अग्नी हे बरोबर, पण अग्नी तिथे धूर हे बरोबर नाही. लोखंडाचा तापलेला गोळा घ्या, अग्नी आहे, धूर नाही. धुरासाठी ओलं इंधन हवं. हा जो मधला अटीचा भाग, त्याला उपाधी म्हणायचं. इंजिनात तर अग्नी नेहमीच असतो. म्हणून सायलेन्सरचा धूर पाहून अग्नी सिद्ध करायचा नाही, उपाधी शोधायची. धूर निळसर असेल तर ऑइल जळतंय. काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय. चोक अडकला असेल किंवा एअर फिल्टर तुंबला असेल. पांढरा असेल तर पाणी. पण सावध राहा. डिसेंबरच्या सकाळी निरोगी गाडीही थोडा वेळ पांढरी वाफ सोडते. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि रेडिएटरचं पाणी रोज कमी होत असेल, तरच हेड गॅस्केटचा संशय धरावा. आणि हो, गरम इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण उघडू नये, बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवू नये. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो.

गाडी थरथरत असेल तर एखादा सिलिंडर काम करत नाही असं समजा. कोणता? इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढायची, तिच्यात एक जादा प्लग बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवून ठेवायचा, मग गाडी सुरू करायची. सुरू असताना वायरीला हात लावायचा नाही. झटका जोरदार असतो. इंजिन आणखी मंदावलं, म्हणजे तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर आजारी तोच. मग त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरमध्ये घालायचा. आजार प्लगबरोबर सरकला तर दोष प्लगचा. तिथेच राहिला तर वायर बघा, मग कॉम्प्रेशन. कॉम्प्रेशनचं मीटर लावून आकडा कमी आला, तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. वाढला तर रिंगा झिजल्या, नाही वाढला तर बहुधा व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन्ही सिलिंडर कमी असतील तर गॅस्केट. जॉन स्टुअर्ट मिलने 1843 च्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात व्यतिरेकाची जी पद्धत सांगितली ती हीच. बाकी सगळं तेच ठेवून एकच गोष्ट बदलायची. प्लग, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल सगळं एकदम बदललं तर गाडी सुरू होते, पण कळत काहीच नाही, आणि बिल मात्र चौघांचं येतं.

आता खरा अवघड प्रश्न. आमच्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक दर आठवड्याला पत्नीला उपचारासाठी फियाटने अकोल्याला नेतात. मे महिन्यात गाडी वाटेत बंद पडू लागली. अर्धा तास झाडाखाली उभी केली की पुन्हा सुरू. एका मिस्त्रीने कॉम्प्रेशन गेलं, इंजिन उतरवावं लागेल, असं सांगितलं. खर्चाचा आकडा गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होता, म्हणजे गाडी भंगारात आणि बाई बसच्या रांगेत. पण पाहा, सकाळी ती पहिल्याच सेल्फला सुरू होत होती, निळा धूर नव्हता, ऑइल कमी होत नव्हतं. आणि झिजलेल्या रिंगा झाडाच्या सावलीत बऱ्या होत नाहीत.

मग उरतात दोन. एक, पेट्रोलची वाफ. या गाडीत पेट्रोल ओढणारा पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असतो; विदर्भाच्या उन्हात तिथे पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफ ओढत बसतो. म्हणूनच जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं गुंडाळतात. दोन, कॉइल. आतली तार तापली की दगा देते, गार झाली की पुन्हा शहाणी होते. दोन्हींची खूण एकच. मास्तरांनी फडकं लावून पाहिलं, अर्ध्या तासाने गाडी सुरू झाली, आणि वाफच, असा त्यांनी निष्कर्ष काढला. इथे हेतू बिघडला. अर्ध्या तासात पंपासोबत कॉइलही गार झाली ना! उपचाराने आराम पडला म्हणजे निदान पक्कं, हे आयुर्वेदातलं उपशयाचं तत्त्व खरं, पण आराम उपचाराने पडला की वेळेने, हे वेगळं करता आलं पाहिजे.

आम्ही सुचवलं, की बंद पडली की लगेच, गार व्हायच्या आत, दोन गोष्टी बघा. जादा प्लग वायरीत घालून इंजिनाला टेकवा, सेल्फ मारायला लावा, ठिणगी पडते का? प्लग इन्सुलेशनच्या पकडीने धरा, आणि पेट्रोल सांडलेलं असेल तर हे करूच नका. मग इंजिन बंद असताना कार्बोरेटरच्या तोंडात पाहून ॲक्सिलरेटर ओढा, पेट्रोलची धार येते का? पुढच्या फेरीत गाडी मूर्तिजापूरच्या वाटेवर बंद पडली. धार आली, ठिणगी नाही.

ठिणगी नाही म्हणजे कॉइलच असंही नाही. कंडेन्सर आणि पॉइंटही तिथेच असतात. कंडेन्सर स्वस्त, म्हणून आधी एकटा तोच बदलला. गाडी पुन्हा बंद पडली. मग एकटी कॉइल बदलली, आणि भर उन्हात अकोल्याला जाऊन-येऊन झालं. आम्ही म्हटलं, "मास्तर, आता जुनी कॉइल परत लावून पाहा, त्रास परत आला तर सिद्ध झालं." मास्तर म्हणाले, "सर, तुमचा व्यतिरेक तुमच्याजवळ ठेवा, मंगळवारी हिची तारीख आहे." जुनी कॉइल त्यांच्या डिकीत आहे, कुणाला प्रयोग पुरा करायचा असेल तर ती मागून घ्यावी.