चौकट : विवरणपत्र भरायचं कशात?

रावेर-यावलकडे केळीची बाग असलेल्या पगारदार शिक्षकाने सॉफ्टवेअरच्या आधी फॉर्म ठरवावा. शेतीचं उत्पन्न वर्षाला 5,000 रुपयांपुढे गेलं की आयटीआर-1 चालत नाही. धंदा-व्यवसाय नसेल तर आयटीआर-2 भरावा लागतो. हे उत्पन्न करमुक्त असलं, तरी बाकीच्या उत्पन्नाचा कर काढताना हिशेबात येऊ शकतं. त्यामुळे शेतीचा तक्ता नीट न विचारणारं ॲप, कितीही सोपं असो, जळगाव-धुळ्यातल्या अशा घरांनी घेऊ नये.

आयकर खात्याचं सध्याचं पोर्टल 7 जून 2021 रोजी सुरू झालं. ते आणि खात्याची ऑफलाइन युटिलिटी, दोन्ही मोफत. साधा पगार आणि बँकेचं व्याज एवढंच असेल, तर वेगळे पैसे मोजायची गरज नाही. शेअरचे व्यवहार बरेच असतील, तर खासगी ॲपला दिलेलं शुल्क वसूल होतं.

ॲप बदलताना खरी काळजी मागच्या तोट्याची. शेअरमधला भांडवली तोटा 8 वर्षं पुढे नेता येतो, पण नव्या ॲपमध्ये तो आपोआप उतरेलच असं नाही. म्हणून मागच्या विवरणपत्राची जेसॉन फाइल आणि पीडीएफ पोर्टलवरून उतरवून घ्या, आकडे वर्षवार ताडून पाहा. फॉर्म 26एएस (कापलेल्या कराचा तपशील) आणि एआयएस (वार्षिक माहिती विवरण) यांच्याशीही मेळ घाला.

कुठल्याही ॲपमधून भरलं, तरी ई-पडताळणी 30 दिवसांच्या आत करायची.